एका दमात टोपी बाजार

डॉक्टर मुळ्ये कुणाच्या तोंडाकडे बघून बोलत नसत, गळ्याकडे बघून बोलत. हनुवटीखाली, छातीचं हाड जिथं सुरू होतं तिथं एक खळगी असते ना, तिथं त्यांची नजर जाऊन बसायची. मग तुम्ही हसा, रडा, नाहीतर घराला आग लागली म्हणून सांगा, त्यांना काही देणंघेणं नाही. आता गळ्याकडे टक लावून बघणाऱ्या माणसाबद्दल लोक काय समजणार? सराफ्यातल्या एका लग्नात ते नवरीच्या गळ्याकडे इतका वेळ बघत राहिले, की तिच्या सासूनं उठून शालूचा पदर तिच्या गळ्याभोवती ओढून दिला. बायकांत कुजबुज सुरू झाली, की डॉक्टर हार किती तोळ्यांचा ते बघताहेत. निघताना ते नवरीच्या बापाला म्हणाले, पोरीला दमा सुरू होतोय, चुलीच्या धुरापासून जपा. लग्नाच्या मांडवात! तो बाप कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलला नाही. मग एका सकाळी त्याच पोरीला टांग्यात घालून तोच आमच्या वॉर्डात घेऊन आला. डॉक्टरांनी पुन्हा गळाच बघितला.

मी त्यांच्या हाताखाली नर्स होते. आम्ही जाधव, मूळचे साताऱ्याकडचे, पण ते मूळ कुणी पाहिलंय? घरात मराठी, दारात हिंदी, आणि भांडताना तोंडात येईल ते. मला भांडायला आवडतं हेही सांगून टाकते, कारण मुळ्ये डॉक्टरांशी माझं रोज एक तरी भांडण व्हायचंच. माणूसच तसा. ग्वाल्हेरच्या जेठातल्या उन्हात पाखरं पटापटा खाली पडायची आणि हे बंद गळ्याचा कोट थेट हनुवटीपर्यंत बटणं लावून यायचे. दुनियेचे गळे बघत फिरणार आणि स्वतःचा गळा मात्र कुलूपबंद! मी एकदा म्हटलं, डॉक्टर, एक बटण तरी उघडा, जीव घुसमटतो बघून. तर म्हणाले, दरबारी शिस्त आहे सिस्टर, तुम्हाला नाही कळायची.

आमचा छातीचा वॉर्ड वरच्या मजल्यावर. जिन्याच्या वळणावर पाण्याचा एक माठ होता. डॉक्टर रोज सकाळी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत जिना चढायचे, त्या माठापाशी थांबायचे आणि त्यात खोट काढायचे. झाकण तिरपं का, फडकं कोरडं का, तिवई हलते का. भिश्त्यानं बिचाऱ्यानं माठ बदलला, तिवई बदलली, जागासुद्धा एकदा बदलून पाहिली, तर डॉक्टरांनी आकांत करून माठ पुन्हा वळणावर आणवला. काय म्हणावं अशा माणसाला?

पण पेशंटपाशी बसले की हा माणूस वेगळा. छातीला नळी लावायच्या आधी ते पेशंटला बोलायला लावत. म्हणत, "श्वास मोठा लाजरा असतो, सिस्टर. आपण बघतोय असं त्याला कळलं, की लगेच शहाण्यासारखा वागायला लागतो." म्हणून पेशंटनं महाराजांचे सगळे किताब एका दमात म्हणून दाखवायचे. फारसी शब्दांची ती लांबच लांब माळ, शेवटी बहादुर. रियासतीत वाढलेल्या माणसाला ती शाळेपासून पाठ असायची. कुणी तिसऱ्या किताबावर धापा टाकू लागला, तर त्याची खाट दाराजवळ, आमच्या नजरेसमोर. कुणी बहादुरपर्यंत पोचला, तर दोन दिवसांत घरी. आणि कुणी "मेलो मेलो" म्हणून ओरडत आला, की ते शांतपणे छत्री खुंटीला अडकवत आणि म्हणत, पूर्ण वाक्यात मरणारा माणूस मरत नसतो.

मग रियासत गेली. मध्यभारत झालं, राजधानी अर्धं वर्ष आमच्याकडे आणि अर्धं वर्ष इंदूरला, फायली आणि बाबू नुसते ये-जा करताहेत. सरकारी कचेऱ्यांत महाराजांचे किताब घ्यायचे नाहीत असं वरून सांगण्यात आलं. सगळ्यांनी ऐकलं आणि सोडून दिलं, पण मुळ्ये डॉक्टरांची मात्र झोप उडाली. आता पेशंटनं म्हणायचं काय?

त्यांनी आधी नव्या राज्यातले सगळे जिल्हे म्हणायला लावले. ते कुणाला येतात! पेशंट अडकला की दम संपला की आठवण संपली, कळायला मार्ग नाही. मग स्तोत्र म्हणायला लावून बघितलं. ते तर महागातच पडलं. एका सोवळ्या काकूंना स्तोत्र मध्येच सोडायचं नव्हतं. ओठ निळे पडले तरी बाई शेवटपर्यंत जाऊनच थांबल्या आणि आम्हा सगळ्यांचे प्राण कंठाशी आले. शेवटी डॉक्टरांना टांग्याची वाट सुचली. स्टेशन, पडाव, फूलबाग, नदीगेट, इंदरगंज, दालबाजार, बाडा, सराफा, टोपी बाजार. एका दमात. ही वाट न येणारा माणूस ग्वाल्हेरच्या आमच्या लष्कर भागात जन्मायचाय.

चार दिवसांत वॉर्डाची भाषाच बदलली. सात नंबर आज सराफ्यात पोचला, चार नंबर अजून नदीगेटवर. एकदा मी कुणालातरी सांगत होते की म्हातारी सकाळपासून फूलबागेतच आहे, तर तिचा जावई ते ऐकून छत्री घेऊन खरोखर फूलबागेत शोधायला गेला. संध्याकाळी परत आला तो माझ्यावरच भडकला. मी पण काही कमी बोलले नाही.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर कुणीतरी वर चुगली केली, की डॉक्टर मुळ्ये रोज इस्पितळाचा जिना चढताना महाराजांच्या किताबांचा जप करतात. झालं. इंदूरहून डॉक्टर रेगे येणार असं कळलं. त्यांच्याकडे दोन्हीकडच्या डॉक्टरांची एकच यादी करायचं काम होतं, कोण वर, कोण खाली, कोण घरी. माणूस वाईट नव्हता. बोलायला मऊ, कपड्यांना इस्त्री, आणि डोक्यात एकच की आता सगळं एका नियमानं चाललं पाहिजे. चूक तरी कशी म्हणायची त्याला?

ते ज्या सकाळी आले, नेमक्या त्याच सकाळी मी माझ्या वडिलांना वॉर्डात दाखल केलं.

आबा रिसाल्यात दफेदार होते. रियासतीची फौज हिंदुस्थानच्या फौजेत मिसळली, जुन्यांना घरी बसवलं, तेव्हापासून आबा खुर्चीतसुद्धा घोड्यावर बसल्यासारखे ताठ बसायचे. आठवडाभर ताप, खोकला. मी रोज म्हणायची चला, ते म्हणायचे मला काही झालेलं नाही. त्या सकाळी स्वतःहून जोडे घातले, तशी मी धावत जाऊन टांगा आणला. टांग्यातून उतरताना हात धरू दिला नाही. खाटेवर आडवे व्हायला तयार नाहीत. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, छाती पुढे काढून बसून राहिले. एका फुप्फुसात न्यूमोनिया पक्का होता. सुई दिली. पण सुईला काम करायला वेळ लागतो, आणि आबांची निळसर नखं मला आवडत नव्हती.

वॉर्डात ऑक्सिजनचं भरलेलं सिलिंडर एकच उरलं होतं. दुसरं गाडीनं यायचं होतं, ते आलं नव्हतं. आणि ते एक आबांच्या शेजारच्या खाटेवरच्या शेठजींना लावलेलं. शेठजी सराफ्यातले, दम्याचे जुने गिऱ्हाईक. आल्यापासून वॉर्ड डोक्यावर घेतलेला. रेगे साहेब पहिल्यांदा वॉर्डात शिरले तेव्हा शेठजी त्यांचा हात धरून म्हणाले, "अरे साहब, हम तो मर गए, हमारे बाल-बच्चों को कौन देखेगा!" कुणाचंही मन द्रवलं असतं. साहेबांनी स्वतः सिलिंडर तिकडे ओढायला लावलं आणि सांगितलं, मी म्हणेपर्यंत हलवायचं नाही.

एरवी मी कुणाला ऐकणारी नाही, पण तिथं बोलायचं काय? नर्स आपल्या बापासाठी सरकारी सिलिंडर मागते असंच दिसणार. आबांकडे बघितलं तर ते मला डोळ्यांनीच दटावताहेत, गप्प बैस. मुळ्ये डॉक्टर अजून वर आले नव्हते. खाली माठापाशी त्यांचा आवाज ऐकू येत होता. आयुष्यात कधी मला त्या माठाचा इतका राग आला नसेल.

ते आले. रेगे साहेबांना नमस्कार केला आणि वाटेतच आबांच्या खाटेपाशी थांबले. स्टूल ओढलं. बसले. गळ्याकडे बघितलं.

"दफेदार, स्टेशनपासून टोपी बाजार. एका दमात."

आबांनी मान हलवली. म्हणाले, "मी टांगेवाला नाही."

मी मनात म्हटलं, आबा, आता कशाला! पण आबांनी पाय जमिनीवर टेकवले, खांदे वर उचलले आणि समोर इंदूरचे साहेब उभे आहेत हे बघून, परेडवर म्हणावे तसे महाराजांचे किताब म्हणायला सुरुवात केली. पहिल्यापासून. एकेक शब्द सुटा, खणखणीत. मध्ये थांबणं म्हणजे धन्याचा अपमान, तेव्हा थांबायचा प्रश्नच नव्हता. थेट बहादुरपर्यंत गेले आणि सलामीला हात वर नेला. तो अर्ध्यावरूनच खाली आला.

रेगे साहेबांचा चेहरा बदलला. म्हणजे हे इथं अजून चालतंच तर, असं ते म्हणाले. मग स्वतःला आवरून, मऊ आवाजातच म्हणाले, की राहू दे, तो विषय नंतर. पण तुमच्याच परीक्षेनं बघितलं मुळ्ये, तर हा पेशंट एका दमात सगळं म्हणाला. सिलिंडर शेठजींकडेच राहू द्या.

बरोबरच होतं त्यांचं. आमच्याच नियमानं आम्ही हरलो होतो. मला वाटलं संपलं सगळं. आबांनी आपल्या इमानापायी आपल्याच हातानं आपला ऑक्सिजन शेजाऱ्याला देऊन टाकला.

मुळ्ये डॉक्टर उठले नाहीत. त्यांची नजर होती तिथंच होती. म्हणाले, "साहेब, शब्द ऐकू नका. शब्द खोटे असतात. या इथं बसा आणि मान बघा."

आणि ते स्टुलावरून बाजूला झाले.

रेगे साहेब बसले. मीही बघितलं. आबांच्या मानेच्या दोन्ही शिरा दोरासारख्या ताणलेल्या. दर श्वासाला गळ्याखालची खळगी आत ओढली जात होती, इतकी आत की बोटाचं पेर बसावं. नाकपुड्या फुलताहेत, पोट उलटं हलतंय. इतके दिवस मी समजत होते की डॉक्टर शब्द ऐकतात. ते शब्दांकडे बघतच नव्हते. पेशंट बोलण्यात गुंतला की श्वासाची लाज सुटते आणि मान खरं बोलते, एवढ्याचसाठी तो सगळा टांगा, ते सगळे किताब. काय म्हणायचं ते कधी महत्त्वाचं नव्हतंच, आणि आम्ही जिल्ह्यांवरून भांडत बसलो होतो.

आबांचे डोळे मिटायला लागले. जागा असलेला माणूस मला चालतो, पण दमलेला माणूस असा गप्प होऊन झोपायला लागला की मी समजते, वेळ संपत आली.

"सिस्टर, सिलिंडर," रेगे साहेब म्हणाले, आणि माझ्या आधी तेच उठून ते ओढायला गेले. शेठजींनी नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली. म्हणे मी मेलो तर जबाबदार कोण? मुळ्ये डॉक्टर म्हणाले, शेठजी, जरा स्टेशनपासून टोपी बाजार सांगता का? शेठजींनी रागारागात स्टेशन, पडाव, फूलबाग करत एका दमात टोपी बाजार गाठला आणि त्याच दमात पुढे जाऊन आपल्या दुकानाचा पत्ता, समोरच्या हलवायाचं नाव आणि शेजारच्या दुकानदाराला दोन शिव्याही घालून मोकळे झाले. गळ्याची खळगी शांत होती. बस्स, सुटली नळी.

पण तेवढ्यानं आबा वाचले असं समजू नका. दुपारभर डॉक्टर त्या स्टुलावर बसून होते. जेवले नाहीत. मी आपली आबांच्या तोंडावरचा ऑक्सिजनचा मुखवटा सारखा करते, पाय चोळते, नखं बघते आणि मनातल्या मनात जेजुरीच्या खंडोबाला काय काय कबूल करते. आबांना झोप लागू लागली की डॉक्टर त्यांच्या खांद्याला हलवून विचारत, दफेदार, पडावनंतर काय? आबा काही बोलत नसत. मानी माणूस, मरेल पण टांगेवाल्याची वाट सांगणार नाही. मला रडू यायला लागलं होतं. दुपार कलली तेव्हा कितव्यांदा तरी डॉक्टरांनी विचारलं, आणि मुखवट्याच्या आतून आबांचा आवाज आला, "फूलबाग." एवढंच. डॉक्टर गळ्याकडे बघत म्हणाले, ठीक. अंधार पडायच्या सुमाराला दुसरं सिलिंडर आलं. दोन-तीन दिवसांत आबा इंदरगंजला पोचले, मग बाड्यावर. टोपी बाजार गाठला त्या दिवशी त्यांनी मला जोडे शोधून आणायला सांगितलं.

जाताना रेगे साहेबांनी चुगलीचा विषय काढलाच नाही. उलट मुळ्ये डॉक्टरांना म्हणाले, इंदूरला या, तरुण डॉक्टरांना हे बघायला शिकवा, मोठी जागा देतो. आम्ही सगळे खूश. आणि डॉक्टर काय म्हणाले? नाही. का? तर म्हणे इंदूरचे लोक पोह्यांत साखर घालतात. तिथलं पाणी जड. तिथल्या टांग्यांची वाट पाठ करायला या वयात जमायचं नाही. अहो, ही काय कारणं झाली? माझं डोकंच फिरलं. ज्या माणसानं माझा बाप परत दिला, त्याचं भलं होत असताना त्यानं पोह्यांवरून लाथ मारावी? ठरवलं, उद्या सकाळी गाठून चांगलं सुनवायचं.

दुसऱ्या दिवशी लवकर आले आणि जिन्यातच उभी राहिले, वरच्या पायऱ्यांवर. डॉक्टर खाली दिसले. कठड्याला धरून चढत होते, पुटपुटत. पहिल्यांदाच नीट ऐकू आलं. "स्टेशन, पडाव..." आणि थांबले. एक पायरी. पुन्हा "स्टेशन..." माठापाशी आले आणि भिंतीला हात टेकून उभे राहिले. माठाकडे त्यांचं लक्षही नव्हतं. मग मी दिसले, आणि लगेच म्हणाले, या माठाचं झाकण कोण... झाकण अगदी सरळ होतं.



"डॉक्टर," मी म्हटलं, "पुन्हा म्हणा. स्टेशनपासून."

"पडावच्या पुढे जात नाही हल्ली," ते म्हणाले. लपवायचं आता काही उरलं नव्हतं. "इथं कुणी बघत नाही. इंदूरला जागेवर रुजू होण्याआधी तपासणी आहे, तिथला डॉक्टर बटणं उघडायला सांगेल. मग घरी पाठवतील. घरी बसून कुणाचा गळा बघू, सिस्टर? घरात मी एकटा आहे."

मी म्हटलं, पण शब्द खोटे असतात, तुम्हीच सांगितलंत. मग स्वतःला कशाला शब्दांवर तपासता?

"माझी मान मला दिसत नाही. आरशात बघितलं की श्वास लाजतो. ज्याच्याकडे बघायला कुणी नाही, त्यानं शब्दांवरच भागवायचं."

एवढं बोलायला त्यांना किती वेळा थांबावं लागलं ते मी इथं लिहीत नाही. मी दोन पायऱ्या उतरून त्यांच्यासमोर उभी राहिले. मोठा हट्टी माणूस. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले, चक्क तोंडाकडे. मग त्यांनी हात वर नेला आणि हनुवटीखालचं पहिलं बटण काढलं. मी बघितलं. बघताना मला फार वाईट वाटलं, पण त्यांनीच शिकवल्याप्रमाणे नजर हलवली नाही.

त्या दिवसापासून माझं आणि डॉक्टर मुळ्यांचं माठावरून रोज भांडण सुरू झालं. ते आले की मीच सुरुवात करायची. झाकण, फडकं, तिवई, भिश्ती, इंदूरचे पोहे, जे सुचेल ते, मोठ्या आवाजात आणि लांबण लावून. सगळं इस्पितळ म्हणायचं, जाधव सिस्टरचं आणि डॉक्टरांचं पार बिनसलंय. डॉक्टर भिंतीला टेकून, वरचं बटण उघडं टाकून माझ्या शिव्या ऐकत उभे राहायचे आणि मी त्यांच्या गळ्याकडे बघत भांडत राहायची. खळगी शांत झाली की मी म्हणायची, चला, बाडा आला. मग ते बटण लावायचे आणि आम्ही वर जायचो.